शिक्षेचा मक्ता

जुलै २०१७ मध्ये दिल्लीत उद्योजकांच्या एका परिषदेत बोलताना नीती आयोगाचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी अमिताभ कांत यांनी शाळा, महाविद्यालये आणि तुरुंग खासगी क्षेत्राच्या हवाली करावेत, असे प्रतिपादन केले आणि त्यासाठी कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांचा दाखला दिला. शाळा-महाविद्यालयांविषयी वृत्तपत्रांतून थोडीफार खळखळ झाली. 'तुरुंग' हा तिसरा शब्द मात्र ऐकणाऱ्यांनी जणू ऐकलाच नाही. ज्या भाषेतील काही श्रेष्ठ ग्रंथ तुरुंगात लिहिले गेले, त्या मराठीतही या शब्दावर कोणी थबकल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पुढे तो प्रस्ताव मागे पडला. पण मागे पडलेला प्रस्ताव आणि नाकारलेला प्रस्ताव यांत अंतर असते. न नाकारलेली कल्पना सरकारी टिपणांत पडून राहते आणि तिजोरीत खडखडाट झाला की पुन्हा वर येते. म्हणून ती सावकाशपणे, कोणी घाई करीत नसतानाच नाकारणे इष्ट.

तुरुंगाचा प्रश्न गृहखात्याचा, फार तर विधिज्ञांचा. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा आक्षेप येईल. त्याला माझ्याजवळ दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, १९१०-११ च्या हिवाळ्यातील मंडाले, १९३२ सालचे धुळे आणि १९३३ सालचे नाशिक ही तीन बंदिस्थाने वगळून आधुनिक मराठी गद्याचा इतिहास लिहिता येत नाही. 'गीतारहस्य', 'गीता प्रवचने' आणि 'श्यामची आई' या तीन ग्रंथांनी मराठी माणसाच्या नैतिक शब्दसंग्रहाला जो आकार दिला, तो बाहेरच्या किती ग्रंथांनी दिला? दुसरे उत्तर असे की, हा सारा व्यवहार शब्दांपासून सुरू होतो. 'हवाली करणे', 'व्यवस्थापन', 'कार्यक्षमता', 'क्षमतेचा वापर' हे शब्द ज्या वाक्यांत येतात, त्या वाक्यांतला कर्ता कोण आणि कर्म कोण हे तपासणे हे समीक्षकाचेच काम आहे. या प्रस्तावाच्या वाक्यात कर्म म्हणून जो उभा आहे, त्याला त्या वाक्याविषयी कोणी विचारलेले नाही.

मी के. आर. पुरममध्ये राहतो. बंगळूरच्या पूर्वेकडील या भागात शेजारीच दूरवाणीनगर आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या सरकारी टेलिफोन कारखान्याभोवती ते वसले. कारखान्याने घरे बांधली, शाळा काढली, दवाखाना चालविला. त्यानंतरच्या काळात भोवती जे शहर उगवले, त्यात पाणी टँकरने येते, फाटकावरचा रखवालदार एजन्सीचा असतो, कचरा उचलणारा कंत्राटदाराचा असतो. मार्च २०२४ च्या टंचाईत टँकरचे दर शेवटी प्रशासनालाच ठरवून द्यावे लागले, ही गोष्ट वेगळी. अशा वस्तीत राहणारा सुशिक्षित माणूस सहजच म्हणतो की, पाणी विकत घेतो, पहारा विकत घेतो, मग बंदीखान्याचेच सोवळे कशाला?

या प्रश्नात एक खोच आहे. टँकरचे पाणी विकत घेणारा आणि ते पिणारा एकच असतो. पाणी गढूळ आले तर तो दुसरा टँकर बोलावतो, निदान भांडतो. तुरुंगात पैसे देणारे सरकार, घेणारी कंपनी आणि ज्याच्यावर 'सेवा' घडते तो कैदी, हे तीन निरनिराळे घटक आहेत. त्यांतल्या तिसऱ्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही. किंबहुना त्याला जाऊ न देणे हीच विकली जाणारी वस्तू आहे. बाजाराची सारी शिस्त गिऱ्हाइकाच्या पाठ फिरविण्यावर उभी असते असे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. ज्या बाजारात पाठ फिरविणे हाच गुन्हा आहे, त्या बाजारात ही शिस्त कोठून येणार?

आता प्रतिपक्षाची सर्वांत बळकट बाजू आधीच मांडतो, कारण ती टाळून केलेला युक्तिवाद हा वकिली असतो. सरकारी तुरुंग चांगले नाहीत. ज्या जुलै महिन्यात दिल्लीत ते भाषण झाले, त्याच महिन्यात बंगळूरच्या आग्नेय कडेला असलेल्या परप्पन अग्रहार येथील मध्यवर्ती कारागृहाविषयी तेव्हाच्या तुरुंग उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी अहवाल दिला. एका वजनदार राजकीय बंदिनीला तेथे स्वतंत्र स्वयंपाकघरासह खास सवलती मिळतात आणि त्यासाठी दोन कोटी रुपये दिले गेल्याची चर्चा आहे, असे त्यात नमूद होते. अहवालानंतर काही दिवसांतच रूपा यांची बदली झाली. पुढील चौकशीत खास वागणुकीची बाब खरी ठरली. त्याआधी महिन्याभरापूर्वी, जून २०१७ मध्ये, मुंबईच्या भायखळा कारागृहात एका बंदिनीचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि तुरुंगाच्याच कर्मचाऱ्यांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये परप्पन अग्रहारातच एका प्रसिद्ध कन्नड नटाचे खुर्ची टाकून धूम्रपान करीत बसल्याचे छायाचित्र बाहेर आले आणि त्याला बळ्ळारीला हलवावे लागले. (अग्रहार म्हणजे विद्वानांना इनाम दिलेले गाव. जागांची नावे आपल्या नकळत विनोद करीत राहतात.)

या घटनांवरून सरकारी यंत्रणा नालायक आहे असा निष्कर्ष काढला जातो. मी वेगळा काढतो. परप्पन अग्रहारात जे घडले ते बाजाराच्या अभावी घडलेले नाही. तेथे बाजारच भरला होता. पैसेवाल्याला गादी आणि बिनपैशाच्याला फरशी, हा खासगी व्यवहार सरकारी भिंतीच्या आड चालला होता. फरक इतकाच की तो बेकायदा होता, म्हणून एका अधिकाऱ्याला त्याच्याविरुद्ध अहवाल लिहिता आला, चौकशी समिती नेमता आली, विधानसभेत प्रश्न विचारता आला. रोगाचे नाव पैसा असताना औषध म्हणून पैसाच सुचविणारा वैद्य आपल्याकडे नवा नाही.

न्याय आणि दंड मक्त्याने देण्याचा प्रयोग महाराष्ट्राने एकदा करून पाहिलेला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती लिलावाने दिल्या जाऊ लागल्या. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला महालाचा इजारा मिळे, आणि इजाऱ्याबरोबर वसुलीचाच नव्हे, तर दिवाणी-फौजदारी न्यायाचाही अधिकार जाई. मराठी दप्तरांत दंडाच्या रकमेचे नाव 'गुन्हेगारी' असे आहे. खटला हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' आणि जिंकणाऱ्याकडून 'हरकी' घेण्याची रीत जुनीच होती. पण ज्याने मामलत लिलावात घेतली आणि जो पुढच्या वर्षी ती आपल्याकडे राहील की नाही याविषयी साशंक आहे, त्याच्या हाती 'गुन्हेगारी' हे उत्पन्नाचे कलम झाले की गुन्हे वाढणारच. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीचे जे वर्णन केले आहे ते विजेत्या पक्षाच्या लेखणीतून उतरलेले आहे आणि पेशवाईची निंदा करण्यात त्याचा स्वार्थ होता, हे धरूनही मूळ वस्तुस्थिती नाकारता येत नाही. इंग्रजांनाही हा मोह सुटला होता असे नाही. ज्या बेंथॅमच्या नावाने आधुनिक तुरुंगशास्त्र सुरू झाले, त्याने १७९१ मध्ये मांडलेल्या वर्तुळाकार तुरुंगाचा मक्ता स्वतःच घेण्याची तयारी दाखविली होती. तत्त्वज्ञ कंत्राटदार व्हायला निघाल्याचे हे बहुधा पहिले उदाहरण असावे.

तथापि आपल्या भूमीवरचा खरा दाखला याहून जवळचा आहे, आणि तो देताना मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. तो सोलापूरचा आहे.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९११ च्या सुधारणेने तो कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला आणि सोलापूर, हुबळी, विजापूर, गोकाक या भागांत 'सेटलमेंट' नावाच्या वसाहती उभ्या राहिल्या. कोणत्याही न्यायालयाने दोषी न ठरविलेली माणसे बायकामुलांसह तारेच्या कुंपणात ठेवण्यात आली. रोज हजेरी, बाहेर जायला पास, वेळेत परतले नाही तर शिक्षा. या माणसांना काम काय? सोलापुरात कापडगिरण्या होत्या. गिरणीला मजूर हवे होते. बाहेरचा मजूर गावी निघून जातो, संप करतो, मजुरी वाढवून मागतो. कुंपणातला मजूर भोंग्याला हजर राहतो, कारण गैरहजर राहिला तर तो गुन्हा ठरतो. सुधारणा, उद्योगाचे वळण, नैतिक उन्नती असे शब्द अहवालांतून येत राहिले आणि गिरणीची पाळी भरत राहिली. देशात अन्यत्र अशा वसाहतींचे व्यवस्थापनही सरकारने खासगी संस्थांकडे दिले होते. मुक्तिफौजेने अशा अनेक वसाहती चालविल्या. आंध्रातील स्टुअर्टपुरमच्या वसाहतीतील माणसे चिराळ्याच्या तंबाखू कंपनीच्या कामी आली. सरकारने माणसे पुरवावीत, खासगी संस्थेने त्यांना कोंडून ठेवावे आणि खासगी मालकाने त्यांचे श्रम घ्यावेत, ही जी तिहेरी रचना आज नवी सुधारणा म्हणून सांगितली जाते, ती भारतात शंभर वर्षांपूर्वी नांदत होती.

तिचे फलित काय? कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कुंपणे निघाली, शिक्का निघाला नाही. सोलापुरात 'सेटलमेंट' हे आजही पत्त्यात येणारे नाव आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी समीक्षेने त्या पुस्तकांकडे वेगळ्या अनुभवविश्वाचा साक्षात्कार म्हणून पाहिले, बोलीचे कौतुक केले, प्रांजळपणाचे कौतुक केले. गायकवाडांनी स्वतः लातूरच्या सूतगिरणीत काम केले होते. जन्माने गुन्हेगार ठरलेला माणूस, पोलिसांची हजेरी आणि गिरणीचे दार, या तीन गोष्टी या वाङ्मयात वारंवार एकमेकींजवळ का येतात, हा प्रश्न आमच्या समीक्षेने विचारायला हवा होता. तो विचारला असता तर २०१७ मधील त्या तिसऱ्या शब्दावर कोणीतरी नक्कीच थबकले असते.

आता परदेशाकडे वळू, कारण दाखला परदेशाचा देण्यात आला आहे. कॅनडाचा अनुभव असा : ऑन्टारिओ प्रांताने एकाच आराखड्याचे दोन तुरुंग बांधले. पेनेटँग्विशीनचा २००१ मध्ये एका अमेरिकन कंपनीकडे दिला, लिंडसेचा सरकारकडे ठेवला. पाच वर्षांनी तुलना केली तेव्हा सुरक्षा, वैद्यकीय सेवा आणि सुटलेल्यांचे पुन्हा गुन्ह्याकडे वळणे या कसोट्यांवर सरकारी तुरुंग सरस ठरला, आणि २००६ मध्ये प्रांताने कंपनीचा करार न वाढविता तुरुंग परत घेतला. म्हणजे ज्या देशाचे नाव भारतात आदर्श म्हणून उच्चारले गेले, त्याने तो प्रयोग अकरा वर्षांपूर्वीच गुंडाळला होता. ऑस्ट्रेलियात पहिला खासगी तुरुंग ज्या क्वीन्सलँडमध्ये १९९० साली सुरू झाला, त्याच क्वीन्सलँडने २०१९ मध्ये उरलेले खासगी तुरुंग सरकारकडे घेण्याचे जाहीर केले. इंग्लंडला बर्मिंगहॅमचा तुरुंग २०१८ मध्ये कंपनीकडून काढून घ्यावा लागला. ऑस्ट्रेलियाच्या इतर प्रांतांत हा धंदा चालू आहे, हेही सांगितले पाहिजे. मेलबर्नजवळच्या रेव्हनहॉल येथे पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण घटले तर कंपनीला अधिक मोबदला देण्याची तरतूद आहे. कल्पना वाईट नाही. पण हा मोबदला मूळ रकमेच्या वरचा आहे. मूळ रक्कम माणसे आत असण्याचीच आहे.

या व्यवसायाचे माहेरघर अमेरिका. तेथील पहिली मोठी तुरुंग कंपनी १९८३ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे स्थापन झाली. २०१६ मध्ये तिने आपले नाव बदलून त्यातला 'सुधारणा' हा शब्दही काढून टाकला. या कंपनीचे भागधारकांसाठीचे वार्षिक अहवाल मी एखादा ग्रंथ वाचावा तसे वाचले आहेत, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते वाचावेत अशी माझी शिफारस आहे. त्यांत कैदी हा शब्द जपून येतो. तेथे 'खाटा' असतात, भरलेल्या आणि रिकाम्या. 'मानव-दिवस' असतात, ज्यांना दररोजच्या दराने गुणले की उत्पन्न येते. व्यवसायापुढील धोके नमूद करणे तेथील कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून या अहवालांत प्रामाणिकपणे लिहिलेले असते की, कायद्याची अंमलबजावणी सैल झाली, शिक्षा सौम्य झाल्या, पॅरोल उदारपणे मिळू लागला किंवा आज गुन्हा असलेली कृत्ये उद्या गुन्हा राहिली नाहीत, तर आमच्या सेवेची मागणी घटेल. जगातील कोणत्याही धर्माने, कोणत्याही नीतिशास्त्राने ज्या गोष्टी समाजाच्या उन्नतीची खूण मानल्या, त्या येथे धोक्याच्या सदरात पडल्या आहेत. असे वाक्य दुष्ट माणसाने लिहिलेले नसते. ते हिशेबनिसाने लिहिलेले असते, आणि म्हणूनच ते अधिक विचार करायला लावते.

२०१२ च्या आरंभी याच कंपनीने ४८ राज्यांना पत्र पाठवून त्यांचे तुरुंग विकत घेण्याची तयारी दर्शविली. अट अशी की करार वीस वर्षांचा असावा आणि तुरुंग किमान नव्वद टक्के भरलेला ठेवण्याची हमी राज्याने द्यावी. पुढच्या वर्षी एका अभ्यासगटाने अशा ६२ करारांची तपासणी केली, तेव्हा ४१ करारांत ऐंशी ते शंभर टक्के भरणीची हमी आढळली. खाट रिकामी राहिली तर सरकारने तिचे भाडे भरायचे. गुन्हे कमी झाले तर त्याचा दंड करदात्याला! पेनसिल्व्हेनियातील लुझर्न परगण्यात तर दोन न्यायाधीशांनी बालगुन्हेगारांच्या खासगी कोठड्यांशी संबंधित व्यक्तींकडून सुमारे अठ्ठावीस लाख डॉलर घेतल्याचे उघडकीस आले. क्षुल्लक खोड्यांसाठी मुले त्या कोठड्यांत पाठविली जात होती. त्यांतील एका न्यायाधीशाला २०११ मध्ये अठ्ठावीस वर्षांची शिक्षा झाली. हा अपवाद आहे, असे म्हणता येईल. मी ते मान्य करतो. परंतु ज्या व्यवस्थेत कोणाला तरी रिकाम्या खाटेचे दुःख होते, त्याच व्यवस्थेत असा अपवाद संभवतो.

भारतात या हिशेबाचा अर्थ आणखी भयंकर होतो, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांतील ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार बंद्यांपैकी तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा होता. तुरुंग क्षमतेच्या १३१.४ टक्के भरलेले होते. यांतील अनेकांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही किंवा रक्कम भरता येत नाही. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा गरीब बंद्यांच्या साहाय्यासाठी वेगळी योजना जाहीर करावी लागली, यातच सर्व आले. आपल्या न्यायालयांतली 'तारीख' ही संस्था सर्वांना ठाऊक आहे. साक्षीदार आला नाही, तारीख. वकील आला नाही, तारीख. कैद्याला आणायला गाडी नाही, तारीख. आज या प्रत्येक तारखेने सरकारचा खर्च वाढतो, आणि निदान त्या खर्चाच्या त्रासाने तरी अधूनमधून कोणी कच्च्या कैद्यांच्या याद्या काढतो. उद्या दररोजच्या दराने मोबदला घेणारा कोणी मध्ये आला, तर प्रत्येक तारीख त्याच्या खात्यात जमा होईल. आणि कैद्याला न्यायालयात नेणारी गाडी त्याचीच असेल. येथे कोणी कट करण्याची गरज नाही. नुसती दिरंगाई पुरे, आणि दिरंगाई आपल्याकडे फुकट मिळते.

राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली आहे. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा घेण्याची मुभा राज्याला दिलेली आहे. सक्तमजुरीची शिक्षा या मुभेच्या आधाराने टिकते का, यावर १९९८ च्या गुजरात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींतही मतभेद झाले. कैद्याच्या श्रमाला रास्त मोबदला दिला पाहिजे, याबद्दल मात्र निर्णय स्पष्ट आहे. भागधारकाचा लाभांश हे सार्वजनिक प्रयोजन आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणता कायदेपंडित करील ते पाहायला मला आवडेल. अमेरिकेच्या घटनेने गुलामगिरी रद्द करताना शिक्षा झालेल्यांचा अपवाद ठेवला, आणि त्या फटीतून दक्षिणेकडील राज्यांनी कैदी मळेवाल्यांना आणि खाणवाल्यांना भाड्याने दिले. अलाबामात हे १९२८ पर्यंत चालले. आमच्या घटनाकारांनी तशी फट ठेवली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरविले, तेव्हा झाडू कोणाच्या हाती आणि पळी कोणाच्या हाती हे ठरविणारे नियम एकविसाव्या शतकातही तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जिवंत होते. हा निर्णय सरकारला बांधतो, कारण नियमपुस्तिका सरकारची होती आणि कोणालाही ती न्यायालयापुढे ठेवता आली. कंपनीचा करार 'व्यापारी गुपित' म्हणून बंद लखोट्यात राहिला असता.

या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ विचार, माझ्या मते, इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने केला. तेथे २००४ मध्ये खासगी तुरुंगाचा कायदा झाला, बीरशेबाजवळ तुरुंगाची इमारतही उभी राहिली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी तो कायदा रद्द केला. महत्त्वाचे हे की, खासगी तुरुंगात कैद्यांचे हाल होतील असे त्यांनी गृहीत धरले नाही. तो सरकारी तुरुंगापेक्षा नीटनेटका असेल असे मानले, तरीही नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेने माणसाला कोंडणे हीच त्याच्या प्रतिष्ठेची हानी आहे, अशी त्यांची भूमिका होती. शिक्षा ही समाजाने आपल्यापैकीच एकाला दिलेली असते. ती देताना समाजाला काही गमवावे लागते, खर्च पडतो, लाज वाटते. त्या कृतीत ज्याला कमाई दिसते तो कोणाच्या वतीने शिक्षा देतो आहे?

येथे पुन्हा वाङ्मयाकडे येतो. टिळकांची पेन्सिलीने लिहिलेली हस्तलिखिते ब्रिटिश सरकारने अडकवून ठेवली होती, सुटकेनंतर काही काळाने परत केली. ते सरकार परके होते, जुलमी होते, पण वहीचा जाब त्याला द्यावा लागला. आणीबाणीत मधु दंडवते बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात होते आणि प्रमिला दंडवते येरवड्याला. त्या दोन तुरुंगांमध्ये पत्रे जात-येत होती आणि ती तपासली जात होती. शब्द खोडणारा तेथे होता. प्रत्येक शब्दाचे भाडे घेणारा नव्हता. अमेरिकेत तुरुंगातून घरी केलेल्या दूरध्वनीचे दर ठेकेदार कंपन्यांनी इतके चढविले की, ते आटोक्यात आणण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. बंगळूरचा तो जुना तुरुंग आता फ्रीडम पार्क नावाची बाग झाला आहे. त्याच तुरुंगात असलेल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी पॅरोलवर सुटल्यानंतर जानेवारी १९७७ मध्ये मरण पावल्या, आणि त्यांची तुरुंगातील दैनंदिनी ग्रंथरूपाने राहिली. तुरुंगातले लेखन म्हणजे राज्यसंस्थेविरुद्धची साक्ष. ती साक्ष नोंदवायची तर जबाबदार धरायला समोर कोणीतरी असावे लागते.

आणि बंगळूरचाच आणखी एक धागा महाराष्ट्रात पोचतो. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडहून आलेले अभियंते १९३० च्या दशकात म्हैसूर संस्थानच्या बंगळूर येथील विजेच्या कारखान्याचे प्रमुख होते. पुढे ते भारतानंद झाले, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात गेले, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या तेथील राज्यघटनेच्या कामात सहभागी झाले, आणि १९३९ मध्ये आटपाडीजवळ माणदेशाच्या माळरानावर त्यांच्या प्रेरणेने 'स्वतंत्रपूर' वसले. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तेथे भिंतीवाचून, कुटुंबासह राहू लागले आणि शेती करू लागले. एखाद्या उद्योगाचा व्यवस्थापक तुरुंगाकडे वळला तर काय करील, याचे हे एक उत्तर आहे, आणि ते देणारा माणूस कारखानदारीला अनोळखी नव्हता. संस्थान विलीन झाले तरी वसाहत टिकली. ती लहान आहे, हे मोठमोठे आकडे फेकणाऱ्यांना अर्थातच पटणार नाही.

माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्या चित्रपटाविषयी बोलताना सहा खुन्यांचे हृदयपरिवर्तन, जेलरचे डोळे आणि ती प्रार्थना यांचीच आठवण निघते. त्यातला खलपुरुष कोण हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो कैद्यांपैकी नाही आणि तुरुंगखात्यातलाही नाही. कैद्यांनी पिकविलेली भाजी बाजारात स्वस्त आणि रास्त भावाने विकली जाऊ लागते, तेव्हा ज्याची कमाई बुडते तो भाजीबाजारातला व्यापारी माणसे घेऊन त्यांच्यावर चालून येतो.